तक्त्यावरचा राजासॉरस आणि 'कशावरून?' हा प्रश्न

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून एकाच विषयावर बरेच प्रश्न आले आहेत. शाळेने मुलांना 'प्रागैतिहासिक जीवन' या विषयावर सचित्र माहिती तयार करून वर्गासमोर मांडायला सांगितलं आहे, आणि घरोघरी चार्ट पेपर, स्केचपेन आणि रडारड सुरू आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

मुलगी चौथीत आहे. तीन आठवड्यांत तक्ता करायचा आणि चार मिनिटं बोलायचं आहे. तिला सगळेच डायनासोर हवेत. नेटवरून तीन पानं उतरवून झाली, पण त्यातलं तिला काहीच सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?
*एक आई, कोपरखैरणे*

आधी विषय लहान करा. चौथीतलं मूल घाई न करता चार मिनिटं बोललं तर साधारण साडेतीनशे शब्द होतात, म्हणजे वहीची दीड-दोन पानं. त्यात एकच प्राणी नीट मावतो. 'डायनासोर' या विषयावर साडेतीनशे शब्द लिहायला गेलं की 'ते खूप मोठे होते आणि नंतर ते नष्ट झाले' यापलीकडे काही उरत नाही.

प्राणी निवडताना आपल्या देशात सापडलेला निवडावा, असा आमचा आग्रह आहे. टी-रेक्सवर उतरवून काढायला हजार पानं तयार असतात. राजासॉरसवर तेवढी नसतात, त्यामुळे मुलाला स्वतः शोधावं लागतं. शिवाय नकाशावर बोट ठेवून 'हा इथे सापडला' असं सांगता येतं. निवडीसाठी चार नावं देतो.

राजासॉरस नर्मदेन्सिस हा मांसाहारी डायनासोर. गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोलीला १९८२ ते १९८४ मध्ये त्याची हाडं मिळाली आणि २००३ मध्ये त्याला नाव दिलं गेलं. बारापासॉरस टागोराय हा लांब मानेचा शाकाहारी. तो आपल्या गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचाच्या परिसरात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मिळाला. नावात 'टागोर' आहेत कारण १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष होतं आणि खोदकाम त्याच सुमारास चाललं होतं. आयसीसॉरस हाही लांब मानेचा शाकाहारी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. चौथा डायनासोर नाही, साप आहे: सनाजेह इंडिकस. तो गुजरातमध्ये धोली डुंगरीला डायनासोरच्या अंड्यांना वेटोळं घातलेल्या अवस्थेत दगड झालेला सापडला. मुलांना हा फार आवडतो.

प्राणी ठरला की मुलीकडून पाच प्रश्न लिहून घ्या. तिचे स्वतःचे, तुमचे नव्हेत. 'तो झोपायचा कसा?' हाही चालेल. मग जुन्या वहीच्या पानांचे चार-चार तुकडे करून चिठ्ठ्या बनवा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची आणि मागच्या बाजूला पुस्तकाचं नाव व पान क्रमांक टाकायचा. लिहिण्याची पद्धत ठरलेली ठेवा: परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, स्वयंपाकघरात येऊन आईला किंवा आजीला सांगायचं आणि मगच लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की हात आपोआप उतरवतो. चिठ्ठीवर 'सदर प्रजाती द्विपाद व मांसभक्षी होती' असं दिसलं तर द्विपाद म्हणजे काय ते विचारा. सांगता आलं नाही तर ती चिठ्ठी पुन्हा लिहायची. 'दोन पायांवर चालायचा, मांस खायचा' एवढं पुरतं.

पंधरा-सोळा चिठ्ठ्या झाल्या की जमिनीवर पसरून त्यांचे चार गठ्ठे करा: कधी आणि कुठे, दिसायचा कसा, खायचा काय, आणि आपल्याला हे कसं कळलं. चौथा गठ्ठा बहुतेक रिकामा राहतो, आणि खरं काम तिथेच असतं. प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन एकच शब्द विचारायचा: 'कशावरून?' मांस खायचा, कशावरून? दात चपटे, टोकदार आणि धारेला करवतीसारखे असतात, त्यावरून. दोन पायांवर चालायचा, कशावरून? मागच्या पायांच्या आणि कमरेच्या हाडांवरून. ज्या चिठ्ठीला उत्तर मिळत नाही ती फाडायची नाही, बाजूला ठेवायची.

या कामात मराठी भाषा आपल्याला मोठी मदत करते. 'सापडला', 'होता' आणि 'असावा' या तीन क्रियापदांत पुरावा, खात्री आणि अंदाज हा सगळा फरक मावतो. सनाजेह अंड्यांपाशी सापडला. तो साधारण साडेतीन मीटर लांब होता. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू तो खात असावा. हा फरक नऊ वर्षांच्या मुलालाही कळतो. फक्त तो कोणीतरी दाखवून द्यावा लागतो.

एक धोका लक्षात ठेवा. दोन ठिकाणी दोन आकडे मिळाले की मुलं घाबरतात. राजासॉरसची लांबी जुन्या लेखनात सुमारे ९ मीटर दिलेली आढळते, नंतरच्या अभ्यासात ती साडेसहा मीटरच्या आसपास धरली आहे. पूर्ण सांगाडा मिळालेला नाही, त्यामुळे जवळच्या नात्यातल्या प्राण्यांशी तुलना करूनच लांबी काढावी लागते. मुलीला दोन्ही आकडे आणि हे कारण सांगू द्या. तिच्या मांडणीतलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य ठरेल.

पुस्तकात '६६ मिलियन' आहे, शिक्षिका 'साडेसहा कोटी' म्हणतात आणि मुलाने तक्त्यावर '६६ लाख' लिहिलं. एवढे मोठे आकडे त्याला समजावायचे कसे?
*एक वडील, घणसोली*

एक मिलियन म्हणजे १० लाख. म्हणून ६६ मिलियन म्हणजे ६६० लाख, म्हणजेच ६ कोटी ६० लाख. मिलियनच्या आकड्याला दहाने भागलं की कोटी मिळतात, हा एकच नियम मुलाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. २५२ मिलियन म्हणजे २५ कोटी २० लाख. तक्त्यावर मिलियन आणि कोटी एकत्र येऊ देऊ नका. सगळं कोटीतच लिहा.

पण आकडा बरोबर लिहिला म्हणजे तो समजला असं नाही. त्यासाठी कागदाची पट्टी करा. प्रमाण अगदी सोपं आहे: १ सेंटीमीटर म्हणजे १ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, म्हणून पट्टी ४ मीटर ५४ सेंटीमीटरची. सहावारी साडीहून मीटरभर कमी, असं आजीला सांगितलं की तिला लगेच अंदाज येतो. दुकानात बिलाच्या यंत्राला लागणारा कागदाचा रोल यासाठी उत्तम. फक्त तो लॅमिनेट करायला नेऊ नका. तो कागद उष्णतेने काळा पडणारा असतो. यंत्रातून पट्टी पूर्ण काळी होऊन बाहेर येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

पट्टीच्या उजव्या टोकाला 'आज' लिहा आणि सगळी मापं तिथूनच डावीकडे मोजा. अगदी जुन्या सूक्ष्म जीवांच्या खुणा साधारण ३५० सेंटीमीटरवर येतात. ट्रायलोबाइट हे समुद्रातले कवचधारी प्राणी ५२ वर, चार पायांचे पहिले प्राणी ३७ च्या आसपास, जीवसृष्टीचा सर्वांत मोठा विनाश २५.२ वर, पहिले डायनासोर २३ च्या आसपास आणि पक्षी सोडून बाकी डायनासोर संपले ते ६.६ वर. आपली मानवजात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे पट्टीवर एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सादेखील नाही. पेन्सिलच्या टोकाची रेघ त्याहून जाड उमटते. मुलाला ती रेघ स्वतः मारू द्या.

इथे दोन चुका हमखास होतात. मुलं फूटपट्टी ० ऐवजी १ पासून धरतात, आणि ३० सेंटीमीटरची फूटपट्टी पुन्हा पुन्हा सरकवताना प्रत्येक वेळी थोडं अंतर चुकतं. साडेचार मीटरपर्यंत जाताना ही चूक चांगलीच वाढते. शिंप्याची टेप वापरा, ती दीड मीटरची असते, तीनदा लावली की जवळपास काम होतं.

डायमेट्रोडॉन, मॅमथ, उडणारे टेरोडॅक्टिल हे सगळे डायनासोरच ना? खेळण्यांच्या डब्यात एकत्रच असतात.
*एक पालक, वाशी*

नाहीत. डायमेट्रोडॉन डायनासोरांच्या कितीतरी आधीचा आणि नात्याने सस्तन प्राण्यांच्या बाजूचा. मॅमथ सरळ हत्तीच्या कुळातला. टेरोडॅक्टिल उडणारे सरीसृप, डायनासोरांचे चुलत भाऊ म्हणा. समुद्रातले इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हेही वेगळे. उलट तुमच्या खिडकीतलं कबुतर मात्र डायनासोरांच्याच वंशातलं आहे. डब्यातली खेळणी वर सांगितलेल्या कागदाच्या पट्टीवर आपापल्या जागी मांडायला सांगा, दहा मिनिटांत गोंधळ मिटतो. स्टेगोसॉरस १५ च्या आसपास जाईल आणि टी-रेक्स ६.६ च्या अगदी जवळ. म्हणजे काळाने टी-रेक्स स्टेगोसॉरसला जितका जवळचा, त्याहून आपल्याला जास्त जवळचा आहे.

वर्गात ४२ मुलं आहेत आणि ४२ तक्त्यांवर एकच चित्र येतं: हिरवं गवत, ज्वालामुखी, तोंड उघडून गर्जना करणारा टी-रेक्स. चित्र माहितीचा भाग कसा होईल?
*शिक्षिका, कळवा*

चित्रालाही 'कशावरून?' विचारा. तक्त्यावरचं चित्र सजावटीसाठी नसतं, ते एक विधान असतं. 'हा असा दिसत असावा' हे विधान.

सुरुवात मापाने करा. एका सेंटीमीटरच्या चौकटींची वही घ्या आणि दोन चौकटी म्हणजे एक मीटर धरा. बारापासॉरस सुमारे १४ मीटर, म्हणजे २८ चौकटी. साडेसहा मीटरचा राजासॉरस १३ चौकटी. शेजारी चौथीतलं मूल: १ मीटर ३० सेंटीमीटर, म्हणजे अडीच चौकटींहून किंचित जास्त. लोकलचा एक डबा जवळपास २० मीटरचा, म्हणजे ४० चौकटी. नेहमीचा चार्ट पेपर २२ बाय २८ इंचांचा, म्हणजे आडवा धरला तर ७१ सेंटीमीटर. त्यात डबा आणि बारापासॉरस एकाखाली एक आरामात मावतात. रोज कळवा स्टेशनला डबा पाहणाऱ्या मुलाला 'खूप मोठा' हे शब्द मग लागतच नाहीत. मापासाठी माणूस काढताना मुलं त्याला प्राण्याच्या पाठीवर बसवतात. त्याला शेजारी, त्याच जमिनीच्या रेषेवर उभा करायला सांगा.

मग शरीर. आधी पाठीचा कणा ही एकच रेघ काढायची. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांत ही रेघ जवळपास आडवी असते. कंबर मध्ये, एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला उचललेली शेपटी, तराजूच्या दांडीसारखी. जुन्या चित्रांत प्राणी कांगारूसारखा ताठ उभा आणि शेपटी जमिनीवर घासत चाललेला दिसतो. पण दगडात उमटलेल्या पावलांच्या ओळींमध्ये शेपटी घासल्याची खूण क्वचितच मिळते. पाय मगरीसारखे बाजूला फाकलेले नसतात, ते शरीराच्या थेट खाली असतात. पुढच्या पायांचे तळवे एकमेकांकडे, टाळी वाजवताना असतात तसे. मुलं ते जमिनीकडे वळवतात. वर्गात सगळ्यांना टाळीच्या पवित्र्यात हात धरायला लावा, लक्षात राहतं.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बारापासॉरसची जवळपास ३०० हाडं मिळाली, पण कवटी मिळाली नाही, मोजके दात मिळाले. म्हणजे बारापासॉरसचं जे डोकं चित्रात दिसतं ते अंदाजाने काढलेलं आहे. म्हणून मुलांना दोन पेन्सिली द्या. जे भाग सापडले ते निळ्या पेन्सिलने भरायचे आणि जे सापडले नाहीत त्यांची बाह्यरेषा टिंबाटिंबांची ठेवायची. निळं धड, निळे पाय, आणि टिंबांचं डोकं असं चित्र तक्त्यावर लागलं की बघणारा आपोआप विचारतो, 'डोकं असं का?' आणि मुलाला सांगायला विषय मिळतो.

रंगांच्या बाबतीत मुलांना मोकळीक द्या, पण खाली ओळ हवी: 'रंग कल्पनेने दिला आहे.' पिसं असलेल्या काही चिनी डायनासोरांच्या रंगाचा अंदाज त्यांच्या पिसांतल्या सूक्ष्म रंगकणांवरून काढता आला आहे. राजासॉरसबाबत तसं काही हाती नाही.

गवताचं काय करायचं? हिरवळीचा गालिचा पुसायला सांगा, कारण स्टेगोसॉरसच्या काळात गवत असल्याचा पुरावा नाही. पण डायनासोरांच्या शेवटच्या काळात गवत होतं, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे मिळालेल्या जीवाश्म झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण आढळले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा त्याच काळातल्या आयसीसॉरसच्या चित्रात गवताचे चार-दोन झुबके चालतील. लॉन नको. शेणातून गवत कळलं हे ऐकून वर्ग हसतो, आणि विसरत नाही.

नावं देण्याच्या रेषा पट्टीने आखलेल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या आणि शक्यतो सगळ्या उजवीकडे जाणाऱ्या. शब्द आडवेच लिहायचे, रेषेबरोबर तिरके नाहीत. शीर्षकाचं अक्षर ४ सेंटीमीटर, चित्राखालचं दीड-दोन. तक्ता व्हरांड्यात लावून दहा पावलं मागे जा. तिथून वाचता आलं तर शेवटच्या बाकावरूनही येईल. मोबाइलवर एआयने तयार केलेली किंवा छापून चिकटवलेली चित्रं आली तर बोटं मोजायला लावा. अशा चित्रांत कधी कधी बोटांची संख्या दोन्ही हातांना वेगळी निघते, आणि मुलांना ती चूक पकडण्यात मोठा आनंद वाटतो.

नातू येऊरला गेला होता. तिथून काळ्या दगडातले पांढरे स्फटिक आणि एका दगडावर नेचाच्या पानासारखी नक्षी दिसल्याचे फोटो घेऊन आला. हे जीवाश्म आहेत का? ठाण्याजवळ काही प्रागैतिहासिक बघण्यासारखं आहे का?
*एक आजी, नौपाडा*

पांढरे स्फटिक जीवाश्म नव्हेत, खनिजं आहेत. येऊरचे डोंगर, पारसिकचा डोंगर आणि सह्याद्रीचा मोठा भाग हा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास वाहिलेल्या लाव्हाचा थिजलेला खडक आहे, बेसॉल्ट. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे थिजल्यावर पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे पाण्यातून झिओलाइट, गारगोटी अशी खनिजं साचली. वितळलेल्या खडकात हाड किंवा पान टिकत नाही, म्हणून बेसॉल्टमध्ये डायनासोर शोधू नये.

नेचासारखी नक्षी बहुतेक मँगनीजची असते. दगडाच्या भेगेत शिरलेल्या पाण्याने ती रांगोळीसारखी पसरते. ओळखायची खूण सांगतो. खऱ्या पानाला मधली शीर असते, बाजूच्या शिरा तिच्यातून निघतात आणि पानाला कड असते. मँगनीजची नक्षी भेगेच्या रेषेपासून सुरू होते आणि कुठेही फुटत जाते, तिला कड नसते. नातवाने फोटो आणले, दगड नाही, हे फार चांगलं केलं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून काहीही उचलून आणू नये.

पण आजी, एक मजेची गोष्ट नातवाला नक्की सांगा. दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचायची, त्यांत गाळ बसायचा आणि गाळात जीव टिकून राहायचे. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशाच गाळाच्या थरात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ मध्ये त्यांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं. 'डायनासोर' हा शब्द १८४२ मध्ये ज्यांनी रूढ केला तेच हे ओवेन. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. ठाण्याच्या मुलाने वरळीचा बेडूक विषय म्हणून घेतला तर आम्हाला तरी राजासॉरसपेक्षा जास्त आनंद होईल.

माणसाच्या प्रागैतिहासिक काळासाठी मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, तिथे दगडी हत्यारं बघायला मिळतात. सुट्टीत गुजरातकडे जाणार असाल तर रैयोलीचं डायनासोर संग्रहालय २०१९ पासून सुरू आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये शिंपल्याचा 'जीवाश्म' करायचा प्रयत्न केला. दोनदा लगदाच राहिला, घट्ट झाला नाही.
*एक बाबा, ऐरोली*

पावसाळ्यात हे होतंच. उघड्या पुडीतलं प्लास्टर हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मग घट्ट होण्याची त्याची ताकदच संपते. पुडीत खडे झाले असतील तर ते टाकून द्या, नवीन आणा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रमाण: दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात प्लास्टर भुरभुरवत सोडायचं. उलट केलं की तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात. मिनिटभर हलकेच ढवळा, जोरात फेटलं की बुडबुडे होतात आणि शिंपल्याच्या रेघा उमटत नाहीत. दोन सेंटीमीटर जाडीच्या मातीच्या थापीवर तेलाचा हात फिरवून शिंपला दाबा, उचला आणि त्या खळग्यात मिश्रण ओता. अर्ध्या तासात ते घट्ट होतं, पण माती सोडवण्याआधी तासभर थांबा. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, म्हणून मुलाला त्यात हात बुडवू देऊ नका. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, नळीत दगड होतो. रद्दीवर सुकवून कचऱ्यात टाका.

तक्त्याशेजारी दोन्ही ठेवा: मातीतला ठसा आणि प्लास्टरचा शिंपला. शिंपला विरघळून जातो, त्याचा ठसा राहतो आणि त्या ठशात नंतर खनिज भरतं. निसर्गातही असं घडतं, हे मग दाखवून सांगता येतं.

मुलगा घरी घडाघडा बोलतो, वर्गात एक शब्द विसरला की थांबतो आणि रडू येतं.
*एक आई, नेरूळ*

तो पाठ करतो आहे. पाठ केलेलं सगळं एका साखळीत असतं, एक कडी निसटली की पुढचं हाताला लागत नाही. लिहिलेला उतारा त्याच्याकडून काढून घ्या. त्याऐवजी पाच छोटी कार्डं द्या, प्रत्येकावर तीनच शब्द: 'रैयोली, १९८२, हाडं'. वाक्य त्याने दर वेळी नवं करायचं. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं असू द्या. पहिलं पक्कं असलं की आवाज बसत नाही, शेवटचं पक्कं असलं की 'एवढंच' म्हणत पळ काढला जात नाही.

सुरुवात 'माझ्या विषयाचं नाव' अशी नको. 'गुजरातमध्ये अंड्यांना वेटोळं घातलेला साप दगड होऊन सापडला' असं म्हटलं की वर्ग गप्प होतो. कठीण नावं तोडून म्हणायची: रा-जा-सॉ-रस. 'सॉरस' म्हणजे सरडा, हे सांगितलं तर अर्ध्या डायनासोरांची नावं सोपी होतात.

तक्ता त्याच्या डाव्या हाताला ठेवा आणि दाखवायलाही डावाच हात वापरू दे. उजवा हात वापरला की तो वळतो आणि पाठ वर्गाकडे होते. सराव पंखा लावून, घराच्या दुसऱ्या टोकाला आजीला उभी करून. तिने हात वर केला तर आवाज वाढवायचा.

शेवटी प्रश्न येतात, आणि मुलांना खरी भीती त्यांचीच असते. दोन उत्तरं आधीच शिकवून ठेवा. 'हे मला माहीत नाही, शोधून सांगतो' आणि 'हे अजून कुणालाच माहीत नाही, कारण तेवढी हाडं सापडलेली नाहीत'. या दोन्हीतला फरक त्याला कळायला हवा. बारापासॉरस कसा ओरडायचा, याला दुसरं उत्तर. त्याचं वजन किती, याला बहुधा पहिलं.

निम्मे प्रकल्प आई-वडिलांनीच केलेले असतात. गुण कसे द्यायचे?
*शिक्षक, घोडबंदर रोड*

तक्त्याबरोबर चिठ्ठ्या आणि कच्चा मसुदा मागा. त्याशिवाय तक्ता घेऊच नका. चित्राचं कच्चं काम वर्गात एका तासिकेत करून घ्या. वीसपैकी सहा गुण माहितीला, पाच चित्र व नावांना, चार 'कशावरून' याला, तीन बोलण्याला आणि दोन प्रश्नांच्या उत्तरांना द्या. सुबक अक्षर आणि चकाकणारी किनार यांना वेगळे गुण देऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. घरचे मोठे हात नेमके तिथेच फिरलेले असतात.

तक्ता रिक्षातून नेताना भिजतो, आणि भिंतीवर लावला की खालून गुंडाळला जातो. उपाय?
*एक पालक, कोपरी*

स्केचपेनची शाई पाण्याने पसरते, म्हणून पावसाळ्यात रंग पेन्सिलने भरा. चित्रं चिकटवायला ग्लू स्टिक वापरा. फेव्हिकॉल जाड लावला की कागद ओला होऊन सुरकुततो. लावायचाच असेल तर फक्त चार कोपऱ्यांना, ठिपक्याएवढा.

गुंडाळताना चित्र बाहेरच्या बाजूला ठेवा. आपण सगळे ते जपण्यासाठी आत ठेवतो, आणि मग उघडल्यावर कडा वर्गाच्या दिशेने वळून येतात. चित्र बाहेर ठेवून गुंडाळलं की कडा भिंतीकडे वळतात आणि तक्ता सपाट बसतो. वरून वर्तमानपत्राचा एक थर, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि दोन्ही टोकांना रबरबँड.